साडेतीनचा आकडा : क जीवनसत्त्व त्वचेच्या आत कसे पोहोचले

पुण्या-मुंबईच्या कोणत्याही औषधाच्या दुकानात आज गडद तपकिरी काचेची, ड्रॉपर बसवलेली एक छोटी बाटली मिळते. आत क जीवनसत्त्वाचे सीरम असते. वेष्टनावर १०, १५ किंवा २० टक्के असा एक आकडा असतो. त्याच्या सोबत, बाटलीवर किंवा जाहिरातीत, दुसरा आकडा असतो : पीएच ३.५ किंवा त्याहून कमी. हे दोन आकडे इतक्या ठिकाणी आणि इतक्या निःशंकपणे छापले जातात की ते निसर्गनियमच वाटू लागतात. परंतु आकड्यालाही जन्मस्थळ असते, जन्मदाता असतो आणि पुष्कळदा मालकही असतो. या दीर्घ धाग्यात त्या दोन आकड्यांचा माग काढायचा आहे.

सुरुवात समुद्रापासून करावी लागते. १७४० मध्ये कमोडोर जॉर्ज अ‍ॅन्सन याच्या नेतृत्वाखाली इंग्लंडची सहा लढाऊ जहाजे पॅसिफिकमधील स्पॅनिश वसाहतींवर स्वारीसाठी निघाली. पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतले ते एकच, ‘सेंच्युरियन’. शत्रूच्या तोफांनी मारली त्यापेक्षा कितीतरी अधिक माणसे स्कर्व्हीने नेली. या सफरीच्या अधिकृत वृत्तांतात एका वृद्ध खलाशाची नोंद आहे. १६९० च्या बॉइनच्या लढाईत तो जखमी झाला होता. जखमा भरून पन्नास वर्षे लोटली होती. स्कर्व्ही झाल्यावर त्या जखमा पुन्हा उघडल्या, जणू कधी भरल्याच नव्हत्या, आणि जुळून आलेले हाडही पुन्हा सुटले.

त्या काळी ही नोंद चमत्कारासारखी वाचली गेली. आज तिचा उलगडा होतो. जखमेचा व्रण म्हणजे एकदा बांधून सोडून दिलेली भिंत नव्हे. त्यातील कोलॅजेन हे प्रथिन सतत झिजत असते आणि सतत नव्याने विणले जात असते. कोलॅजेनच्या तीन धाग्यांचा पीळ घट्ट बसावा यासाठी त्यातील प्रोलीन आणि लायसीन या घटकांवर एक छोटी रासायनिक प्रक्रिया व्हावी लागते. ती करणारी विकरे क जीवनसत्त्वाशिवाय फार काळ चालत नाहीत. पुरवठा तुटला की विणणे थांबते, झीज मात्र थांबत नाही. मग पन्नास वर्षांपूर्वीची जखमही आपले तोंड उघडते.

जेम्स लिंडची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे, म्हणून ती थोडक्यात. १७४७ मध्ये ‘सॅलिसबरी’ या जहाजावर त्याने स्कर्व्हीच्या बारा रोग्यांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला. संत्री आणि लिंबे मिळालेली जोडी झपाट्याने सुधारली. ब्रिटिश नौदलाने लिंबाचा रस नियमाने देण्याचा निर्णय मात्र १७९५ मध्ये घेतला. पुराव्याने सरकारी निर्णयापर्यंत पोहोचायला घेतलेली ही ४८ वर्षे.

लिंबात नेमके काय आहे, याचे उत्तर पुढल्या शतकात ज्याने दिले तो स्कर्व्हीच्या शोधात नव्हताच. तो त्वचेच्या रंगाच्या शोधात होता.

आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी हा हंगेरियन संशोधक १९२० च्या दशकात नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथे काम करीत होता. अ‍ॅडिसनच्या विकारात अधिवृक्क ग्रंथी निकामी होतात आणि रोग्याची त्वचा काशासारखी तपकिरी पडते. कापून ठेवलेले सफरचंद किंवा बटाटाही हवेत तपकिरी पडतो. लिंबू, संत्रे मात्र तसे काळवंडत नाही. या दोन तपकिरी रंगांमागे एकच कारण असावे आणि ते थोपवणारा एकच पदार्थ अधिवृक्क ग्रंथीतही असावा, असा त्याचा तर्क होता. अ‍ॅडिसनच्या विकारापुरता हा तर्क चुकीचा ठरला, कारण त्या काळसरपणाची कारणे निराळी आहेत. पण चुकीच्या वाटेवरही माणसाला कधी खरी वस्तू सापडते. वनस्पतींच्या रसात निळा रंग तत्काळ उमटवणारी एक जुनी रासायनिक चाचणी होती. लिंबूवर्गीय रसात तो रंग उमटायला किंचित विलंब होतो, एवढेच त्याच्या लक्षात आले. त्या विलंबामागे प्राणवायूशी विनाविलंब जुळणारे, म्हणजे दुसऱ्याच्या आधी स्वतः जळून जाणारे काहीतरी होते.

१९२८ मध्ये केंब्रिजला फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत त्याने ते काहीतरी बैलांच्या अधिवृक्क ग्रंथींतून, संत्र्यांतून आणि कोबीतून स्फटिकरूपात वेगळे केले. ही एक प्रकारची शर्करा असावी, पण कोणती हे कळत नव्हते. म्हणून त्याने तिचे नाव ‘इग्नोज’ सुचवले. त्याचा मथितार्थ ‘कोण जाणे’. नियतकालिकाच्या संपादकांना हा विनोद रुचला नाही. तेव्हा त्याने दुसरे नाव धाडले : ‘गॉडनोज’, म्हणजे ‘देव जाणे’. शेवटी ‘हेक्झ्युरॉनिक आम्ल’ हे सभ्य नाव छापले गेले. पुढे हंगेरीतील सेगेद येथे त्याच्या आणि जोसेफ स्वर्बेली याच्या प्रयोगांतून हेच स्कर्व्हीरोधक जीवनसत्त्व असल्याचे दिसले. १९३२ मध्ये अमेरिकेत चार्ल्स ग्लेन किंग यांनीही तोच निष्कर्ष मांडला आणि श्रेयावरून बराच वाद झाला. सेगेद हे तांबड्या मिरचीच्या, पॅप्रिकाच्या लागवडीसाठी प्रसिद्ध गाव. त्या मिरचीत हा पदार्थ भरपूर निघाला आणि ग्रॅमचा हिशेब किलोवर गेला. बर्मिंगहॅमचे नॉर्मन हॉवर्थ यांनी त्याची रचना उलगडली. स्कर्व्हीला रोखणारे आम्ल म्हणून त्याला ‘अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल’ हे नाव मिळाले. १९३७ मध्ये दोघांनाही, वेगवेगळ्या विषयांत, नोबेल पारितोषिक मिळाले. तोवर टाडेउश राइखश्टाइन याने १९३३ मध्ये ते कृत्रिमरीत्या बनवण्याची पद्धत काढली होती आणि स्वित्झर्लंडची रोश कंपनी ते बाजारात विकू लागली होती.

हा तपशील येथे लांबवण्याचे कारण आहे. ज्या गुणामुळे हा पदार्थ सापडला तोच गुण पुढे त्याच्या वापरातील सर्वांत मोठी अडचण ठरला. दुसऱ्याच्या आधी स्वतः ऑक्सिडीकृत होणे हे त्याचे काम. पेशीच्या आत ते वरदान असते, पण बाटलीत ठेवलेल्या द्रावात तो शाप असतो. पाण्यात विरघळवलेले अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल हवा, प्रकाश आणि उष्णता यांच्या सहवासात पिवळे पडते, मग तपकिरी. कापलेल्या सफरचंदाचे तपकिरी होणे जे थोपवते, तेच स्वतः बाटलीत तपकिरी होते.

मग ते खावे, लावायचे कशाला, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आकड्यांत दिले अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या मार्क लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी, १९९६ मध्ये. सात निरोगी तरुणांना काही महिने रुग्णालयात ठेवून, ठरावीक मात्रा देऊन त्यांनी रक्तातील पातळी मोजली. दिवसाला ३० ते १०० मिलिग्रॅमच्या टप्प्यात ती झपाट्याने चढते, २०० मिलिग्रॅमनंतर जवळपास सपाट होते आणि १००० मिलिग्रॅमला पूर्ण थांबते. त्यापुढे कितीही गिळले तरी मूत्रपिंडे ते बाहेर टाकतात. त्वचेला मिळणारा वाटा या रक्तातूनच येतो. म्हणजे तोंडावाटे त्वचेतील साठा वाढवण्याला शरीरानेच मर्यादा घातली आहे. जो आवळा खातो त्याच्या त्वचेचे पोषण होते यात शंका नाही, परंतु दहा आवळे खाल्ल्याने ते दहापट होत नाही.

बाहेरून जावे तर तेथे पहारेकरी उभा आहे. त्वचेचा सर्वांत वरचा थर, शृंगस्तर, हा बहुतेक ठिकाणी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढाही जाड नसतो आणि त्यातील पेशी मेलेल्या असतात. फार काळ शास्त्रज्ञांनीही त्याला कोंडा समजून दुर्लक्षिले. १९५० च्या दशकात हार्वर्डच्या अर्विन ब्लँक यांसारख्या संशोधकांनी साध्या चिकटपट्टीने हा थर एकेक पापुद्रा करून सोलला. तो गेला की त्वचेतून पाणी मोकाट बाहेर पडू लागते, हे तेव्हा दिसले. पहारा या मेलेल्या थराचाच होता. १९७० च्या दशकात त्याची रचना विटा आणि चुन्याच्या भिंतीच्या उपमेने समजावली जाऊ लागली. मृत पेशी या विटा, त्यांच्यामधील मेद हा चुना. बाहेरून येणाऱ्याला बहुतांशी त्या मेदातून वाट काढावी लागते. म्हणून जो रेणू लहान आणि मेदात मिसळणारा, त्याला वाट मिळते. निकोटीन जाते. नायट्रोग्लिसरीन तर इतके सहज जाते की स्फोटकांच्या कारखान्यांतील कामगारांना रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी भयंकर डोके दुखण्याचा विकार जडत असे. त्वचेतून आणि श्वासातून शिरलेल्या नायट्रोग्लिसरीनचा तो परिणाम होता. पुढे दोन्ही पदार्थ औषधी पट्ट्यांत आले.

अ‍ॅस्कॉर्बिक आम्लाचा रेणू लहान आहे. त्याचा रेणुभार १७६, आणि त्वचेतून जाण्यासाठी साधारण मर्यादा ५०० ची मानतात. परंतु ते पाण्याचे सख्खे आणि मेदाचे सावत्र आहे. पाण्यात विरघळले की त्याचे रेणू विद्युतभारित होतात, आणि भारित रेणूला मेदाची भिंत जवळ करीत नाही.

येथे या इतिहासातील एक अंधारी खोली उघडावी लागते. ती वगळून त्वचाशोषणाचा इतिहास सांगणे अप्रामाणिक ठरेल. १९५१ पासून १९७४ पर्यंत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे त्वचातज्ज्ञ आल्बर्ट क्लिगमन यांनी फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात कैद्यांवर प्रयोग केले. कैदी बहुसंख्येने कृष्णवर्णीय होते. अनेकांवर खटलाही चाललेला नव्हता, आणि जामिनाच्या किंवा किरकोळ खर्चाच्या पैशांसाठी ते पाठ पुढे करीत. त्वचेतून औषध आत नेणाऱ्या डीएमएसओ या द्रावकाच्या चाचण्या याच तुरुंगात झाल्या. डाऊ कंपनीसाठी डायॉक्सिन हे विषही तेथे त्वचेवर लावले गेले. शृंगस्तर हा निर्जीव कोंडा नसून एक कार्यक्षम अवयव आहे, हे ठासून सांगणाऱ्यांत क्लिगमन यांचे १९६४ चे लेखन महत्त्वाचे मानले जाते. मुरुमांवरचे ट्रेटिनॉइन हे औषधही त्यांच्याच नावाशी जोडलेले आहे. ज्ञान खरे निघाले म्हणून ते मिळवण्याची रीत शुद्ध होत नाही. विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेने २०२१ मध्ये आणि फिलाडेल्फिया शहराने २०२२ मध्ये जाहीर माफी मागितली. तोवर त्या पाठींपैकी कितीतरी मातीत गेल्या होत्या.

क जीवनसत्त्वाची वाट उघडली ती ड्यूक विद्यापीठात, आणि सुदैवाने तुरुंगातून नव्हे. शेल्डन पिनेल हे त्वचातज्ज्ञ १९७० च्या दशकापासून कोलॅजेनवर काम करीत होते. एका दुर्मीळ आनुवंशिक विकारात कोलॅजेनमधील लायसीनवरची ती छोटी प्रक्रियाच होत नाही, हे दाखवणाऱ्या १९७२ च्या शोधात त्यांचा वाटा होता. १९८१ मध्ये त्यांच्या गटाने काचपात्रात वाढवलेल्या मानवी त्वचापेशींना अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल दीर्घकाळ पुरवले आणि त्यांची कोलॅजेननिर्मिती सुमारे आठपट झाल्याचे नोंदवले. काचपात्रात पेशींवर शृंगस्तराचा पहारा नसतो. प्रश्न उरला तो पहारा चुकवण्याचा.

उत्तर आश्चर्यकारकरीत्या साधे होते. आम्लाचे रेणू भारित होतात की नाही हे द्रावाच्या आम्लतेवर, म्हणजे पीएचवर अवलंबून असते. अ‍ॅस्कॉर्बिक आम्लाचा मध्यबिंदू सुमारे ४.२ आहे. त्या पीएचला निम्मे रेणू भारित असतात, निम्मे भाररहित. द्राव ३.२ वर आणला की अकरापैकी दहा रेणू भाररहित होतात. ५.२ वर, म्हणजे निरोगी त्वचेच्या पृष्ठभागाच्या आसपास, हिशेब नेमका उलटतो आणि अकरापैकी एकच भाररहित उरतो. भार उतरवला की मेदाची भिंत तितकी परकी राहत नाही. शिवाय आम्लधर्मी द्रावात हा पदार्थ अधिक काळ टिकतोही. एका दगडात दोन पक्षी.

पिनेल आणि डग्लस डार यांना १९९२ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत या युक्तीचे पेटंट मिळाले. त्यात किमान सुमारे १ टक्का अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल, पाण्याच्या जोडीला ग्लायकॉलसारखा द्रावक आणि पीएच ३.५ पेक्षा अधिक नाही, अशी चौकट आखलेली आहे. बाटलीवरच्या ३.५ या आकड्याचा जन्मदाखला हाच. म्हणजे हा आकडा सार्वजनिक ज्ञान म्हणून फिरू लागण्याआधी एका मालमत्तेची हद्द म्हणून कागदावर आला. त्याच वर्षी पिनेल यांच्या गटाने डुकराच्या त्वचेवर दाखवले की लावलेले क जीवनसत्त्व अतिनील किरणांनी होणारी हानी कमी करते.

शोषणाचा सविस्तर शोधनिबंध आला तो २००१ मध्ये. प्रयोग पुन्हा डुकरांच्या पाठीवर. वेगवेगळ्या पीएचचे आणि वेगवेगळ्या तीव्रतेचे द्राव लावले गेले, वरचा थर चिकटपट्टीने काढून टाकला गेला आणि खालच्या त्वचेत किती पोहोचले ते मोजले गेले. पीएच ३.५ च्या वर शोषण घसरले. तीव्रता २० टक्क्यांपर्यंत वाढवत नेली तसे शोषण वाढले, त्यापुढे उलट कमी झाले. रोज लावल्यावर तीन दिवसांत त्वचा संपृक्त झाली, आणि लावणे थांबवल्यावर साठा निम्मा व्हायला सुमारे चार दिवस लागले. या शेवटच्या निष्कर्षाकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. एकदा भरलेला साठा एका दिवसाच्या खंडाने रिता होत नाही, आणि दिवसातून चार वेळा थापल्याने वाढतही नाही.

इतिहासाच्या अभ्यासात दस्तऐवज हाती आला की पहिला प्रश्न विचारतात : हा कोणी, कोणासाठी लिहिला? या निबंधाला तोच प्रश्न विचारला पाहिजे. पिनेल हे पेटंटधारक होते आणि स्किनस्युटिकल्स या प्रसाधन कंपनीचे संस्थापक शास्त्रज्ञही होते. ती कंपनी २००५ मध्ये लॉरेआलने घेतली. २० टक्के आणि ३.५ हे आज जगभर उद्धृत होणारे आकडे मुख्यतः अशा एका गटाच्या, एका प्राण्याच्या त्वचेवरील मोजणीतून आले आहेत. त्यात एक गंमत अशी की डुक्कर आपले क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात बनवू शकते. माणूस आणि गिनीपिग यांची ती क्षमता उत्क्रांतीत हरवली आहे. हितसंबंध असणे म्हणजे निष्कर्ष खोटा असणे नव्हे. ३.५ च्या मागे रसायनशास्त्राचा स्वतंत्र आधार आहे, तो कोणाच्या पेटंटवर विसंबून नाही. २० टक्क्यांना मात्र तसा स्वतंत्र आधार नाही. तो आकडा मोजणीतून आलेला आहे आणि मोजणी बदलली तर बदलू शकतो.

पारडे तोलण्यासाठी त्याच वर्षीचा दुसरा पुरावा पाहावा. २००१ मध्येच बेल्जियममधील संशोधकांनी रजोनिवृत्त स्त्रियांच्या हातावर केवळ ५ टक्क्यांचे क जीवनसत्त्व लावून त्वचेचे नमुने तपासले. कोलॅजेन घडवण्याच्या जनुकीय आज्ञा वाढलेल्या आढळल्या. ज्या स्त्रियांच्या आहारात हे जीवनसत्त्व कमी होते त्यांच्यात परिणाम सर्वाधिक स्पष्ट होता. २००३ मध्ये फ्रान्समध्ये सहा महिने चाललेल्या तुलनात्मक चाचणीतही ५ टक्क्यांच्या क्रीमने उन्हाने जीर्ण झालेल्या त्वचेत सुधारणा दाखवली. या चाचण्या लहान होत्या, पण माणसांवर होत्या. २० हा आकडा डुकराच्या त्वचेतील कमाल साठ्याचा आहे. माणसाच्या त्वचेला उपयोग होण्यासाठी तेवढे लागतेच, असा त्याचा अर्थ नाही. त्यात तीव्र आम्लधर्मी द्रावाची जळजळ प्रत्येक चेहऱ्याला सोसत नाही.

आता लिंबू. आपल्याकडे चेहऱ्यावर लिंबू चोळण्याचा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या दिला जातो, आणि सीरमची जाहिरात पाहून तो पुन्हा डोके वर काढतो. लिंबाच्या रसाचा पीएच २ ते २.५ च्या आसपास असतो, म्हणजे आम्लतेची अट तो गरजेपेक्षा जास्त पुरी करतो. परंतु त्यातील क जीवनसत्त्व १०० मिलिलिटरला साधारण ५० मिलिग्रॅम, अर्थात ०.०५ टक्के. पेटंटातील किमान अटीच्या विसाव्या भागाएवढे. उरते ते सायट्रिक आम्ल. शिवाय लिंबाच्या सालीत आणि रसात सोरालेन वर्गातील द्रव्ये असतात. ती त्वचेवर असताना ऊन लागले तर फोड येतात आणि मागे काळे डाग राहतात. डाग घालवायला लावलेले लिंबू डाग देऊन जाते. लिंबाची जागा सरबतात आणि लोणच्यात, तेथे त्याच्याविषयी कोणाची तक्रार नाही.

आम्लाची जळजळ टाळून तोच पदार्थ आत नेता येईल का, या प्रश्नाचा पाठपुरावा विशेषतः जपानमध्ये झाला. अ‍ॅस्कॉर्बिक आम्लाच्या ज्या टोकाला प्राणवायू आधी भिडतो तेथे फॉस्फेटची किंवा शर्करेची टोपी चढवायची. मग ते पाण्यात टिकते, सौम्य पीएचला चालते, आणि त्वचेतील विकरांनी टोपी उतरवली की मूळ पदार्थ मोकळा होतो, अशी ही कल्पना. १९९६ मध्ये जपानी संशोधकांनी मॅग्नेशियम अ‍ॅस्कॉर्बिल फॉस्फेटचे १० टक्क्यांचे क्रीम वांग आणि वार्धक्याचे डाग असलेल्यांना लावले. ३४ पैकी १९ जणांचे डाग लक्षणीय फिके झाले. पिनेल यांच्या निबंधात मात्र याच फॉस्फेटने आणि मेदात विरघळणाऱ्या पाल्मिटेटनेही डुकराच्या त्वचेतील साठा वाढवला नाही. दोन्ही बाजूंनी वेगळ्या गोष्टी मोजल्या होत्या, एकाने डाग आणि दुसऱ्याने साठा. प्रतिस्पर्धी मालाची मोजणी कोणी केली, हेही ध्यानात ठेवावे लागते. हा वाद अजून पूर्ण मिटलेला नाही.

टिकाऊपणाचा प्रश्न ड्यूकच्याच गटाने वेगळ्या रीतीने हाताळला. २००३ मध्ये त्यांनी १५ टक्के क आणि १ टक्का ई जीवनसत्त्व एकत्र केले. ई मेदात राहते, क पाण्यात, आणि ऑक्सिडीकृत झालेल्या ई ला क पुन्हा कामाला लावते. डुकराच्या त्वचेला अतिनील किरणांपासून मिळणारे संरक्षण यातून चौपट झाले. २००५ मध्ये त्यात अर्धा टक्का फेरुलिक आम्ल घातले. भाताच्या आणि गव्हाच्या कोंड्यात सापडणारा हा साधा पदार्थ. त्याने मिश्रण अधिक टिकू लागले आणि संरक्षण चौपटीचे सुमारे आठपट झाले. याचेही पेटंट झाले. हे संरक्षण सनस्क्रीनला पर्याय नाही. सनस्क्रीन किरण अडवते, हे मिश्रण अडवण्यातून निसटलेल्या किरणांची हानी कमी करते.

या साऱ्याला आपल्याकडे एक निराळाच रंग चढला. भारतात १९७५ पासून गोरेपणाच्या क्रीमची बाजारपेठ रुजली. २०२० मध्ये त्यातील सर्वांत मोठ्या नाममुद्रेने आपल्या नावातून ‘फेअर’ हा शब्द काढून ‘ग्लो’ घातला. क जीवनसत्त्व त्वचेतील रंगद्रव्य घडवणाऱ्या विकराला काही प्रमाणात आवर घालते हे खरे आहे, आणि वांगाच्या डागांवर त्याचा उपयोगही होतो. परंतु डाग फिका करणे आणि जन्माचा वर्ण बदलणे यांतील अंतर जाहिरातीत हेतुपुरस्सर पुसट ठेवले जाते. तपकिरी त्वचेच्या कुतूहलातून सुरू झालेला शोध तपकिरी त्वचेच्या न्यूनगंडावर विकला जावा, हे सेंट-ज्यॉर्जीला रुचले नसते असे मानायला जागा आहे.

पहारेकऱ्याला फसवण्याऐवजी बाजूला सारण्याचे प्रयत्नही झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये स्तेफान लद्यूक याने दोन सशांना एकाच विद्युतमंडलात जोडले आणि केवळ प्रवाहाच्या दिशेने विष त्वचेतून आत ढकलता येते हे दाखवले. दिशा बरोबर असली तर एक ससा स्ट्रिक्निनने आणि दुसरा सायनाइडने मरे. प्रवाह उलटा केला तर दोघांनाही काही होत नसे. आम्लतेच्या युक्तीत जो विद्युतभार अडचण होता तोच येथे हत्यार ठरतो. २००३ मध्ये कोरियात वांग असलेल्या स्त्रियांच्या चेहऱ्याच्या एका बाजूला याच रीतीने क जीवनसत्त्व आणि दुसऱ्या बाजूला निव्वळ ऊर्ध्वपातित पाणी देऊन पाहिले गेले. क जीवनसत्त्वाची बाजू मोजमापात अधिक उजळ झाली. त्याच वर्षी तैवानमधील संशोधकांनी लेसरने शृंगस्तर विरळ करून शोषण कित्येक पटींनी वाढवता येते असे दाखवले.

त्यानंतर सुया आल्या. १९९८ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया टेक येथे मार्क प्राउस्निट्झ यांच्या गटाने सिलिकॉनच्या सूक्ष्म सुयांनी शृंगस्तराला छिद्रे पाडून औषध आत नेता येते हे सिद्ध केले. आज बारीक सुया लावलेले रोलर घरपोच मिळतात, आणि ते फिरवून वर सीरम लावण्याची शिकवण मोबाईलवरच्या चित्रफितींतून दिली जाते. २०१४ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या त्वचाविज्ञान नियतकालिकात तीन स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध झाली. चेहऱ्यावर सूक्ष्म सुया फिरवून वर प्रसाधने लावल्यानंतर त्यांच्या त्वचेत गाठी उठल्या. त्या प्रसाधनांत क जीवनसत्त्वाचे सीरमही होते. अखंड त्वचेवर लावण्यासाठी बनवलेल्या बाटलीत जीवनसत्त्वाखेरीज द्रावक, परिरक्षक आणि सुगंधी द्रव्येही असतात. शृंगस्तर शाबूत असतो तेव्हा त्यांतील बहुतेकांना तो बाहेरच थांबवतो. छिद्रे पाडल्यावर ती सगळीच जीवनसत्त्वासोबत आत गेली, आणि शरीराने त्यांना परके ओळखून त्यांच्याभोवती गाठी बांधल्या.